पंचांच्या शिट्टीत वर्णभेद आहे का, हे आकड्यांवरून कसे तपासावे

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील पंच खेळाडूचा वर्ण पाहून फाऊल देतात का, हा प्रश्न सामन्यांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून सुटत नाही. ब्लॉक (बचावपटूचा फाऊल) की चार्ज (चढाई करणाऱ्याचा फाऊल) हा एकच निर्णय घ्या. चढाई करणारा खेळाडू वेगाने येतो, बचावपटूवर आदळतो आणि दोघेही खाली पडतात. बचावपटू वेळेत वाटेत उभा राहिला होता की अखेरच्या क्षणी सरकला, आणि बास्केटखालच्या 4 फूट त्रिज्येच्या कमानीच्या आत त्याचा पाय होता का, हे पंचाला त्याच क्षणी ठरवावे लागते. असा एखादा निर्णय चुकला तर तो वर्णामुळे चुकला की घाईमुळे, हे त्या चित्रफितीवरून कोणीही सांगू शकत नाही. पक्षपात असलाच, तर तो हजारो निर्णयांच्या सरासरीत दिसेल, आणि तोही योग्य प्रश्न विचारला तरच.

पहिली चूक प्रश्नातच होते. ‘कृष्णवर्णीय खेळाडूंना जास्त फाऊल मिळतात का?’ हा प्रश्न सरळ वाटला तरी निरुपयोगी आहे. एनबीएमध्ये खेळलेल्या मिनिटांच्या हिशेबाने पाहिले, तर गोऱ्या खेळाडूंच्याच नावावर जास्त फाऊल लागलेले दिसतात. त्याचे मुख्य कारण असे की त्यांच्यातील बरेचजण उंच, बास्केटखाली धक्काबुक्की करणारे सेंटर असतात, आणि त्या जागेवर फाऊल होतातच. केवळ ही बेरीज पाहून निष्कर्ष काढला, तर अन्याय गोऱ्यांवर होतो असे म्हणावे लागेल. म्हणून प्रश्न असा मांडावा: तोच खेळाडू, तीच खेळण्याची जागा, पण मैदानावरचे पंच बदलले, तर त्याच्या फाऊलचे प्रमाण बदलते का, आणि तो बदल गोऱ्या व कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी वेगवेगळा असतो का? जोसेफ प्राइस आणि जस्टिन वोल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी 1991-92 ते 2003-04 या 13 हंगामांचा अभ्यास केला तो याच प्रश्नावर, आणि पुढील सारी कृती त्याच वाटेने जाते.

लागणारी माहिती मिळवणे अवघड नाही. प्रत्येक सामन्याच्या बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे खेळाडूनिहाय आकड्यांच्या तक्त्यात, खेळाडूचे नाव, खेळलेली मिनिटे आणि वैयक्तिक फाऊल असतात, आणि तळाशी पंचांची नावे असतात. 1988-89 पासून एनबीएच्या सामन्याला तीन पंच असतात. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक खेळाडूसाठी प्रत्येक सामन्याची एक ओळ करावी. इथे एक क्षुल्लक पण त्रासदायक अडचण येते. मिनिटांचा रकाना ‘28:30’ असा असेल, तर स्प्रेडशीट त्याला अठ्ठावीस तास तीस मिनिटे समजते आणि पुढची सगळी गणिते बिघडतात. म्हणून आधी त्याचे 28.5 असे साध्या संख्येत रूपांतर करावे. त्यानंतर फाऊलना मिनिटांनी भागून 48 ने गुणावे, कारण पूर्ण सामना 48 मिनिटांचा असतो. समजा, एखादा खेळाडू 24 मिनिटे खेळला आणि त्याला 3 फाऊल मिळाले, तर त्याचे प्रमाण 6 येते. दोन मिनिटे खेळून एक फाऊल करणाऱ्याचे प्रमाण मात्र 24 दिसते, म्हणून सरासरी काढताना प्रत्येक ओळीला मिनिटांच्या प्रमाणात वजन द्यावे.

वर्णाची नोंद हे यातील सर्वांत अवघडलेले काम आहे, आणि ते टाळता येत नाही. प्राइस आणि वोल्फर्स यांनी छायाचित्रे पाहून खेळाडूंची व पंचांची ‘कृष्णवर्णीय’ आणि ‘इतर’ (इथे सोयीसाठी ‘गोरे’) अशी दोनच गटांत विभागणी केली. ही विभागणी ढोबळ आहे यात शंका नाही, परंतु इथे माणसाची वंशावळ शोधायची नसून समोरच्याला तो कसा दिसतो एवढेच पाहायचे आहे. ही नोंद दोन व्यक्तींकडून स्वतंत्रपणे करून घ्यावी आणि नोंद करणाऱ्यांना फाऊलचे आकडे दाखवू नयेत.

आता एक लहानसा तक्ता करावा. उभ्या ओळीत पंचांच्या चमूतील गोऱ्यांची संख्या, म्हणजे 0, 1, 2, 3. आडव्या ओळीत खेळाडूंचे दोन गट. त्या अभ्यासातील चित्र साधारण असे होते. तिन्ही पंच कृष्णवर्णीय असताना गोऱ्या खेळाडूंचे प्रमाण 48 मिनिटांमागे सुमारे 5.2 होते, आणि तिन्ही पंच गोरे असताना ते सुमारे 4.9 वर आले. कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्रमाण मात्र 4.3 ते 4.4 च्या आसपास जवळपास स्थिर राहिले. दोन गटांतील अंतर अशा रीतीने 0.8 वरून 0.6 च्या खाली आले. पाहायचे ते हे अंतराचे आकुंचन. त्यातही एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: बदल प्रामुख्याने गोऱ्या खेळाडूंच्या आकड्यात दिसतो. तेव्हा याला ‘कृष्णवर्णीयांना शिक्षा’ म्हणावे की ‘आपल्यासारख्या दिसणाऱ्याला सूट’, हे केवळ या तक्त्यावरून ठरत नाही, आणि जो ते ठामपणे सांगतो त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

हा फरक मैदानावर किती जाणवेल, याचाही हिशेब करून पाहावा. अंतरातील ही घट सुमारे पाव फाऊलची आहे. पाव फाऊल 48 मिनिटांमागे म्हणजे 32 मिनिटे खेळणाऱ्यासाठी साधारण सहा सामन्यांत एक फाऊल. प्रेक्षकाच्या नजरेत तो भरणारही नाही. मात्र सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो, आणि दोन-तीन फाऊल लवकर लागले तरी प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतो, त्यामुळे परिणाम फाऊलपुरता उरत नाही. प्रसिद्ध झालेल्या निबंधात खेळाडूचा व पंचांचा वर्ण जुळला तर फाऊल जास्तीत जास्त 4 टक्क्यांनी कमी आणि गुण जास्तीत जास्त अडीच टक्क्यांनी अधिक, असा निष्कर्ष आहे.

तक्त्यात फरक दिसला म्हणजे तो खरा आहे असे नव्हे. तीन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिली, पंचांची नेमणूक संघातील खेळाडूंच्या वर्णाशी जोडलेली तर नाही ना? प्रत्येक संघाला निरनिराळ्या रचनेचे चमू साधारण सारख्याच प्रमाणात मिळाले का, ते मोजावे. दुसरी, एका सामन्यातील वीसेक खेळाडूंच्या ओळी एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, कारण त्या साऱ्यांना तेच तीन पंच लाभलेले असतात. अडीच लाख ओळी आहेत म्हणून अडीच लाख पुरावे आहेत असे मानले, तर योगायोगही सिद्धान्तासारखा दिसू लागतो. यावर सोपा उपाय असा की सामन्यांचे चमू पत्त्यांसारखे पिसून इतर सामन्यांना वाटावेत, तक्ता पुन्हा काढावा, आणि हे हजार वेळा करावे. खऱ्या तक्त्याइतका फरक पिसलेल्या तक्त्यांत वारंवार येत असेल, तर हाती काही लागलेले नाही. तिसरी, पंचांचा ज्यावर प्रभाव पडू शकत नाही अशी गोष्ट घ्यावी, उदाहरणार्थ फ्री थ्रोमधील (फाऊलनंतर अडथळ्याविना मिळणाऱ्या फेकीतील) यशाचे प्रमाण. चमू बदलल्यावर तेही बदलत असेल, तर दोष पंचांत नसून तुमच्या माहितीत आहे.

यापुढे एक रास्त आक्षेप उरतो. बॉक्स स्कोअरमधून फाऊल कोणावर लागला ते कळते, तिघांपैकी शिट्टी कोणी वाजवली ते कळत नाही. मे 2007 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या अभ्यासाची बातमी पहिल्या पानावर छापली, तेव्हा एनबीएचे तत्कालीन आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. लीगने प्रत्येक शिट्टीमागचा पंच ठाऊक असलेल्या नोंदींवरून स्वतःचा अभ्यास करवून घेतला होता, आणि त्यात पक्षपात आढळला नव्हता. ती माहिती प्राइस व वोल्फर्स यांना मिळाली नव्हती. दोन्ही पद्धतींना मर्यादा आहेतच: एकीत पंच ओळखता येत नाही, तर दुसरीत न वाजलेली शिट्टी मोजली जात नाही. मार्च 2015 पासून लीग चुरशीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल प्रसिद्ध करते, आणि त्यात द्यायला हवा होता पण दिला गेला नाही अशा फाऊलचीही नोंद असते. माझ्या मते नव्या अभ्यासकाने तिथूनच सुरुवात करावी. मात्र चूक कोणती हे लीगच ठरवते, ही अट विसरू नये.

शेवटी आकडे कालखंडानुसार तोडून पाहावेत. प्राइस व वोल्फर्स यांनी डेव्हिन पोप यांच्यासह नंतर केलेल्या अभ्यासात 2003 ते 2006 या वर्षांत जुनाच फरक कायम दिसला, आणि बातमी गाजल्यानंतरच्या 2007 ते 2010 या वर्षांत तो नाहीसा झाला. म्हणून 1990 च्या दशकातील आणि 2007 नंतरचे सामने एकाच तक्त्यात कधीही मिसळू नयेत, आणि निष्कर्ष लिहिताना ‘एनबीएचे पंच पक्षपाती आहेत’ असे न लिहिता ‘या हंगामांत, अशा रचनेच्या चमूसमोर, सरासरीत इतका फरक दिसतो’ असे लिहावे. कोणा एका पंचाचे नाव तर त्या वाक्यात येताच कामा नये, कारण तुमच्या तक्त्यात त्याच्याविषयी काहीही नोंदलेले नाही.