रोहिणीआधी माती तपासा, आणि स्वतःलाही

वळीव पडला की खानापूर-बेळगाव भागात धूळवाफ पेरणीची (पावसाआधी कोरड्या मातीतच बी टाकायची) गडबड सुरू होते. त्याआधी गावात कुणी उघड बोलत नाही असं एक सांगायचं आहे. लग्नाला तीन-चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की सुनेला दवाखान्यात नेतात, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलतात. मुलाची वीर्यतपासणी मात्र राहूनच जाते. शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू अंगात साठले तर शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटू शकतात. यात मर्दानगीचा प्रश्नच नाही, धडधाकट गड्यालाही हे होतं.

डीएपीसारख्या स्फुरदयुक्त (फॉस्फरसच्या) खतांत मूळ खडकातलं कॅडमियम थोडंफार असतं. तंबाखूचं झाड ते मातीतून ओढून पानात साठवतं. निपाणीकडच्या बांधवांना हे कडू लागेल, पण खरं आहे. डीएपी हातानं फोकायचं आणि हात न धुता त्याच तळव्यावर तंबाखू मळायची, म्हणजे दोन्हीकडचं पोटात. बिडीच्या धुरातून तर ते आणखी सहज अंगात भिनतं, आणि मूत्रपिंडात 10 ते 30 वर्षं ठाण मांडतं.

खानापूरची तांबडी माती आम्लधर्मी. अशा रानात कॅडमियम पिकात जास्त उतरतं. रयत संपर्क केंद्रात माती द्या. सामू (पीएच) 6 च्या खाली आला तर सांगतील तेवढा शेतीचा चुना पेरणीआधी तीन-चार आठवडे मिसळा, कुजलेलं शेणखत भरपूर घाला. चिकोडी-अथणीच्या काळ्या रानात चुना नकोच. स्फुरद अहवालात असेल तेवढंच. नेहमीच्या माती पत्रिकेत शिसं-कॅडमियम येत नाही, ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं.

विहीर आटली म्हणून शहराच्या नाल्याचं पाणी मेथी-पालकाला देऊ नका, त्यातही हे धातू असू शकतात, त्यात जुड्याही धुऊ नका. असं पाणी जातं त्या रानात झेंडू, शेवंती घ्या. जुन्या बॅटऱ्या परसात फोडू नका. शिशाची धूळ कपड्यांवरून घरातल्या पोरांपर्यंत जाते. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानातच परत द्या.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात. म्हणून आता बिडी-तंबाखू सोडली तरी फरक दिसायला श्रावण उजाडेल. वीर्याची पहिली तपासणी आत्ताच करा, दुसरी तेव्हा. दोघांनी मिळून जा. खत, तंबाखू, बॅटरीचं काम, काय काय हाताळता ते डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि रक्तातलं शिसं तपासायची गरज आहे का तेही विचारा.