जुनी पोस्टरं आणि बडोद्याचा पावसाळा

बडोद्याच्या रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या घरांत रविवर्मा छापाची लक्ष्मी, नाटकांची पोस्टरं, कंपन्यांची कॅलेंडरं अजून सापडतात. असं चित्र भिंतीवरून उतरवलं की आधी पाठ बघावी. फ्रेमच्या मागे लाकडी फळ्या ठोकलेल्या असतील, तर त्यांच्या फटींच्या बरोबर रेषेत कागदावर तपकिरी पट्टे उमटलेले दिसतात. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल मुळातच असतं, त्यात फळीतलं आणखी उतरतं. म्हणून पहिलं काम फुकटचं आहे: खिळे पक्कडीने काढा, फळ्या आणि पुठ्ठा टाकून द्या. चित्र काचेला चिकटलं असेल, तर मात्र ओढू नका. रंग काचेवरच राहतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभाग आहे, तिथे जाणत्या माणसाची चौकशी करा.

धूळ मऊ केसांच्या दोन इंची ब्रशने मधून कडेकडे झाडावी. पाठीवरचा मळ काढायला पांढरं प्लास्टिक खोडरबर किसणीवर किसून तो चुरा बोटांनी हलके गोल फिरवा आणि कण न् कण झाडून टाका. चित्र असलेल्या बाजूवर हा प्रयोग नको.

गुंडाळी सरळ करायची तर डिसेंबर-जानेवारीत करा, पावसाळ्यात नाही. आधी काडीला गुंडाळलेला ओलसर कापूस प्रत्येक रंगाच्या कोपऱ्यावर दहा सेकंद टेकवा. कापसावर रंग आला तर तिथेच थांबा. नाही आला, तर झाकणाच्या मोठ्या टबात पिळलेला ओला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर सैल गुंडाळी ठेवून झाकण लावा. दोन ते चार तास लागतात. दर तासाला बघा, कागद नुसता मऊ पडायला हवा, ओला नाही. मग टीपकागदाच्या दोन तावांमध्ये ठेवून वर गुळगुळीत फळी आणि पाच-सहा किलो वजन. टीपकागद तासाभराने बदला, पुन्हा दुसऱ्या दिवशी, आणि तीन दिवस हात लावू नका. वार्निश मारलेल्या, जर-टिकल्या चिकटवलेल्या चित्रांना टबातला ओलावाही नको आणि वजनही नको.

फाटलेलं जोडायला सेलोटेप नको, फेव्हिकॉलही नको. टेपचा चिकटपणा कागदात मुरून पिवळा होतो, आणि फेव्हिकॉल वाळल्यावर कागद न फाडता निघत नाही. त्यापेक्षा कुरडईचा चीक बरा! गहू भिजवून, वाटून, गाळून खाली बसलेलं सत्त्व चार-पाच पाण्यांनी धुवा, म्हणजे आंबूस वास जातो. एक भाग सत्त्वाला पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत शिजवा, कापडातून गाळा. मीठ घालायचं नाही. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, तेही टाळा. त्यातल्या तांब्याने कागद लवकर कुजतो. बोटभर रुंद जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी पाठीमागून लावून वर टीपकागद आणि वजन ठेवावं. उरलेली खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच टिकते.

खरा पैसा खर्च करावा तो चित्र ठेवायच्या पिशवीवर. पॉलिएस्टर (पारदर्शक प्लास्टिक) फिल्म ७५ ते १०० मायक्रॉनची घ्या आणि मागे चिंध्यांपासून केलेला हातकागद ठेवा. दोन कडा उघड्या ठेवा, कारण आम्लयुक्त कागद चहूबाजूंनी बंद केला की आतल्या आत लवकर खराब होतो. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर फिल्म नको. स्थिर विजेने ते तिला चिकटतात. अशा चित्राला हातकागदाची नुसती घडी पुरे. लॅमिनेशन तर कधीच नको. दुकानदार ‘पॉलिएस्टरच आहे’ म्हणाला तरी घरी खात्री करा: तांब्याची तार पक्कडीत धरून गॅसवर लाल करा, फिल्मच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ते पीव्हीसी, पॉलिएस्टर नव्हे; ते घेऊ नका. हे खिडकी उघडी ठेवून, फिल्मच्या बाकी तावापासून दूर करा.

जागा निवडताना माळा नको, तिथे उन्हाळ्यात भाजतं. दिवाणाचा प्लायवूडचा खणही नको. लोखंडी कपाटातला मधला खण उत्तम. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब असावं. डांबराच्या गोळ्यांनी कसर आणि झुरळं जातीलच असं नाही, कागदाला वास मात्र कायमचा लागतो. स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवा. तो खरा आहे का बघायला झाकणभर मीठ ओलं करून दोन्ही एका घट्ट पिशवीत आठ तास ठेवा: ७५ टक्के दाखवायला हवेत, फरक पडला तर लक्षात ठेवा. आकडा ६५च्या वर राहिला की बुरशीची भीती, तेव्हा सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा आणि रंग बदलला की तापवून वाळवा.

विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ आणि २०२४ मध्ये शहरात शिरलं होतं, म्हणून तळमजल्यावरचं कपाट असेल तर तळाचा खण रिकामा सोडा. तरीही भिजलंच, तर भिजलेले कागद एकमेकांपासून ओढून सोडवू नका. ४८ तासांत वाळवणं जमणार नसेल तर गठ्ठा तसाच पॉलिथिनमध्ये घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवड झाली की थोडेथोडे बाहेर काढून टीपकागदावर वाळवा.