घरापासून दूर नाताळ: आगमनकाळापासून तीन राजांच्या सणापर्यंत

परदेशात एकट्यानं नाताळ काढणाऱ्याची तयारी बहुतेक एका रात्रीपुरतीच असते. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, कुठे जायचं, घालायचं काय, जेवायचं कोणाकडे. ती रात्र सहसा बरी जाते. जड जाते ती 25 तारखेची दुपार, आणि तिच्यासाठी कोणीच काही ठरवलेलं नसतं. म्हणून सुरुवात आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारी करावी. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला येतो. पुढचं सगळं दुबई, दोहा, कुवेतमध्ये खोली वाटून राहणाऱ्या वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसाला समोर ठेवून लिहिलं आहे. प्रॉटेस्टंट मंडळींनी मिस्साच्या जागी उपासना धरावी, बाकी फारसं बदलत नाही.

आधी कोपरा ठरवा. कपाटाचा एक कप्पा पुरतो, फक्त खोलीतल्या इतरांना विचारून घ्या. तिथे अॅडव्हेंट रीथ ठेवायचं: हिरवं कडं आणि त्यावर चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या नि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी. कंपनीच्या खोल्यांत उघडी ज्योत चालत नाही, धुराचा अलार्म वाजतो आणि दंड होतो तो वेगळाच. बॅटरीच्या चार एलईडी मेणबत्त्या घ्या, तिघींना जांभळी आणि एकीला गुलाबी फीत बांधा. प्रार्थना झाली की बंद करा. रात्रभर चालू राहिल्या तर तिसऱ्या रविवारपर्यंत सेल संपतात. बहुतेकींना सीआर 2032 सेल लागतो, दोन-चार जास्तीचे आणून ठेवा. खऱ्या मेणाची नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. ही पद्धतच 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न या पाद्रींनी गरीब, निराधार मुलांच्या वसतिगृहात सुरू केली, आणि त्यांचं पहिलं कडं होतं गाडीचं जुनं चाक.

वाचनाबाबत सल्ला जरा उलटा आहे. 1 ते 24 डिसेंबर रोज बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचायची कल्पना छान वाटते, कारण अध्यायही 24 आहेत. पण पहिल्याच अध्यायात 80 ओव्या, म्हणजे वचनं, आहेत. बारा तासांची ड्युटी करून आलेला माणूस तिथेच थांबतो आणि मग आठवडाभर स्वतःवर नाराज राहतो. त्यापेक्षा 16 ते 24 डिसेंबर या नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या प्रार्थनेच्या, नऊ दिवसांत लूकचे पहिले दोन अध्यायच तुकडे करून वाचा. अध्याय 1 मधून 16 ला ओव्या 5 ते 25, 17 ला 26 ते 38, 18 ला 39 ते 45, 19 ला 46 ते 56, 20 ला 57 ते 66, 21 ला 67 ते 80. मग अध्याय 2 मधून 22 ला 1 ते 7, 23 ला 8 ते 14 आणि 24 ला 15 ते 20. मराठीतूनच वाचा आणि ओठ हलवून वाचा. मनातल्या मनात वाचलं की डोळे पुढे पळतात आणि मन घरी.

वाचताना कोण घराबाहेर आहे, तेवढं टिपत जा. मरिया एलिझाबेथकडे सुमारे तीन महिने राहते. योसेफ नावनोंदणीसाठी गाव सोडतो. मेंढपाळ तर रात्रपाळीवरच असतात. एकच ओवी अडकून बसली तर बसू द्या, तुकडा पुरा करण्याचा हट्ट नको.

वाचून झाल्यावर वहीत तीन ओळी लिहायच्या, आणि या सगळ्यात हेच काम सर्वांत महत्त्वाचं. प्रश्न एकच: आज आठवण आली ती माणसाची, जागेची, की आपल्या लहानपणाची? तिन्ही एकाच हुरहुरीत मिसळलेल्या असतात, पण तिन्हींचा इलाज वेगळा. माणसाची असेल तर त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच फोन लावा, फॅमिली ग्रुपवर इमोजी टाकून भागवू नका. ते माणूस वारलेलं असेल, अंत्यविधीला जाता आलं नसेल, तर चर्चच्या ऑफिसात जाऊन त्याच्या नावाची मिस्सा सांगा. जागेची असेल तर चपलेच्या खोक्याचा येशूजन्माचा गोठा करा. हात कामात गुंतले की जीव थोडा स्थिरावतो. लहानपणाची असेल तर मात्र प्रामाणिक राहा: ती वसईला किंवा म्हापशाला परत जाऊनही भेटणार नाही. ती देवापुढे तशीच ठेवायची. त्यासाठी बायबलमधलं 13 वं स्तोत्र चांगलं आहे, फक्त सहा ओव्यांचं, आणि सुरुवात चक्क तक्रारीनं. सणासुदीला देवाकडे तक्रार कशी करायची, हा संकोच पुष्कळांना नडतो.

20 तारखेच्या सुमारास कुलकुल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, करून ठेवा. पाव किलो मैदा, एक अंडं, 50 ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे गरम तूप, चिमूटभर मीठ आणि मळायला लागेल तेवढं घट्ट नारळाचं दूध. पीठ घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, काट्याच्या पाठीवर वळा, मध्यम आचेवर तळा. पीठ सैल झालं तर वळ्या सुटतात आणि तेल पितात. आच मोठी ठेवली तर बाहेरून लाल, आत कच्चे. वळायला खोलीतल्या एखाद्याला बसवा, त्याचा धर्म कोणता का असेना.

24 च्या रात्री घोटाळा होतो वेळेचा. दुबई भारताच्या दीड तास मागे आहे, दोहा आणि कुवेत अडीच तास. वसईत मध्यरात्रीची मिस्सा सुरू होते तेव्हा दुबईत साडेदहा वाजलेले असतात, आणि तेव्हा घरी कोणी फोन उचलत नाही. मग उगाच वाटतं, विसरले आपल्याला. संध्याकाळी लवकर बोला, नाहीतर तिकडचे दीड वाजू द्या. व्हॉट्सअॅपचा कॉल यूएईत लागत नाही. तिथे चालणारं अॅप घरच्यांच्या फोनवर आधीच घालून घ्या. व्हिडिओ कॉल वीस मिनिटांचा ठेवा. घरच्यांनी लूक 2 मधल्या पहिल्या सात ओव्या वाचाव्यात, पुढच्या सात तुम्ही. टेबलावर फोन उभा करून त्यांचं जेवण बघत बसू नका, त्यानं फार त्रास होतो.

दुबईच्या सेंट मेरीज किंवा दोहाच्या अवर लेडी ऑफ द रोझरी चर्चमध्ये प्रचंड गर्दी असते. वेळापत्रक आधी बघा, तास-दीड तास आधी पोहोचा, आणि परतीची मेट्रो किंवा बस किती वाजेपर्यंत आहे ते विचारून ठेवा. 24 च्या संध्याकाळची मिस्सासुद्धा नाताळचीच. सौदीत चर्च नाही आणि सार्वजनिक उपासनेला परवानगीही नाही. तिथे खोलीतली शांत प्रार्थना हीच तुमची मिस्सा समजा. जहाजावर असाल आणि बंदर लागणार असेल, तर स्टेला मॅरिस या खलाशांसाठीच्या कॅथलिक संस्थेच्या चॅप्लेनला (धर्मगुरूला) येण्याविषयी एजंटमार्फत आधी निरोप द्या.

2026 चा नाताळ शुक्रवारी आहे. कुवेत, कतारमध्ये ती आठवड्याची सुट्टी, दुबईत मात्र बहुतेकांना कामाचा दिवस. ड्युटी असेल तर चिडून दिवस घालवण्यापेक्षा सण पुढे न्या; नाताळ 25 ला संपत नाही, 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. सुट्टी असेल तर दुपारी तीन ते सहा खोलीत एकटे थांबू नका. कुलकुलांचा डबा घेऊन सुट्टी न मिळालेल्या कोणाकडे तरी जा: इमारतीचा वॉचमन, हॉस्पिटलातली ओळखीची नर्स. आणि 28 तारखेला मत्तय 2 मधल्या 13 ते 23 ओव्या वाचा. बाळाला घेऊन रातोरात इजिप्तला पळालेलं ते कुटुंब गोठ्याच्या देखाव्यात कधी दिसत नाही.

गोठा 6 जानेवारीनंतर आवरा. त्यानंतरही झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर केवळ प्रार्थना वाढवून भागणार नाही. फादरांशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा.