हायवेच्या खड्ड्याची तक्रार करताय? आधी या चुका टाळा

गणपती जवळ आले की कोकणात सगळ्यांना रस्ता आठवतो. चाकरमानी व्हिडिओ टाकतात, गावातले खड्ड्यात झाडं लावतात, पेपरला बातमी येते आणि खड्डा तिथल्या तिथे. खात्याचा ढिम्मपणा आहेच, त्यावर वेगळं काय बोलायचं, पण अर्ध्या तक्रारी मुळात चुकीच्या टेबलावर जातात हेही तितकंच खरं.

रस्ता कोणाचा ते न बघता अर्ज ठोकणं. ही सगळ्यात कॉमन चूक. पहिलं कडेचा किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे, त्याखालचे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. नावावर जाऊ नका हां, रेवस-रेडीला सगळे सागरी महामार्ग म्हणतात पण तो आहे प्रमुख राज्य मार्ग 4, म्हणजे दिल्लीला ट्वीट करून काही हलणार नाही. मुंबई-गोव्याचं तर अजून त्रांगडं, पनवेल ते इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरच्या खाली बांधकाम खात्याच्याच राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. (इंदापूर म्हणजे माणगावच्या अलीकडचं, पुण्यातलं नव्हे, बाहेरचे लोक हमखास गोंधळतात.)

जुना नंबर लिहिणं. मुंबई-गोव्याला अजून निम्मं कोकण "सतरा नंबर" म्हणतं, बोलायला ठीक आहे, अर्जात नको. 2010 ला देशभर नंबर बदलले, तेव्हापासून तो 66 आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात, म्हणून अगदी समुद्राकडचा आपला रस्ता 66. त्याच्या फाट्यांना 66 च्या पुढे एक आकडा लागतो. रत्नागिरी-कोल्हापूर 166, वडखळ-अलिबाग 166 ए, गुहागर-चिपळूण-कराड 166 ई, तळेरे-गगनबावडा 166 जी. शेवटचं अक्षर विसरलात तर तुमचा खड्डा कागदावर दुसऱ्याच घाटात जाऊन पडतो.

"अमक्याच्या टपरीसमोर" असा पत्ता देणं. इंजिनिअरला टपरी माहीत नसते, आणि असली तरी माहीत नाही म्हणायला त्याला सोपं जातं. रस्त्याचा सगळा हिशोब किलोमीटर आणि मीटरमध्ये चालतो. दोन मोठ्या दगडांच्या मधे दर दोनशे मीटरला छोटे दगड असतात, झाडीत लपलेले असतील तर जरा गवत बाजूला करा, आणि सरळ लिहा की अमुक किलोमीटरच्या दगडापुढे साधारण चारशे मीटरवर, डाव्या बाजूला. डावी-उजवी धरायची ती किलोमीटर वाढत जातात त्या दिशेला तोंड करून, म्हणजे 66 वर गोव्याकडे तोंड करून. दगड आणि खड्डा एकाच फोटोत आला तर उत्तमच.

स्वतःच्या गेटसमोर गटार बुजवणं. हे वाचून काही जण रागावतील, रागवा. रस्त्याला गाड्यांपेक्षा पाणी जास्त मारतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर डोंगर, खाली रस्ता, म्हणून डोंगराच्या बाजूला गटार आणि ठरावीक अंतरावर पाणी पलीकडे काढायला मोरी असते. आता कोणीतरी घर बांधतो, गाडी आत घ्यायची म्हणून गटारात वीतभर रुंदीचा पाइप टाकतो आणि वर चिरे-माती लोटून मोकळा होतो. पहिल्या मोठ्या सरीला पाइपात पालापाचोळा अडकतो, पाणी साइडपट्टीवर चढतं, तिथून डांबराच्या कडेने आत मुरतं, खालचा भराव मऊ पडतो आणि वरून भरलेला चिऱ्याचा ट्रक गेला की डांबर बसतं. मग तोच माणूस बोंबलतो की माझ्या दारात दरवर्षी खड्डा पडतो. पाइप काढून नीट रुंद मोरी घाला, वर स्लॅब टाका, आणि हायवेवरून आत वाट घ्यायची तर आधी परवानगी काढा. खड्डा जर दरवर्षी त्याच जागी पडत असेल तर अर्जात खड्ड्याआधी तुंबलेल्या गटाराचं लिहा, नाहीतर नुसती मलमपट्टी होते.

भर पावसात गरम डांबराचा हट्ट धरणं. ओल्या खडीला डांबर चिकटत नाही, चार दिवसांत सुटं होऊन खडी रस्त्यावर पसरते आणि टू-व्हीलरवाले घसरतात. पावसात खडी दाबून नाहीतर पेव्हर ब्लॉक लावून वेळ मारून नेतात, ते तात्पुरतंच असतं. पण ऑक्टोबरनंतर मात्र सोडू नका. खड्डा चौकोनी कापलाय का, आतली माती झाडलीये का, तळाला आणि कडांना पातळ डांबर मारलंय का, रोलर फिरला का, एवढं उभं राहून बघा. खड्ड्यात तशीच पाटी ओतून फावड्याने थोपटत असतील तर तिथेच व्हिडिओ काढा.

काँक्रीट झालं म्हणजे सुटलो असं समजणं. काँक्रीटलाही सांधे असतात. त्यातला मसाला गेला की पाणी स्लॅबखाली जातं, अवजड गाडी गेली की खालचा चिखल सांध्यातून पिचकारीसारखा वर येतो, आणि खाली पोकळी झाली की स्लॅब तडकतो. सांध्याजवळ मातकट डाग दिसायला लागले की तेव्हाच कळवा, तडा जायची वाट बघत बसू नका.

आणि कामाच्या ठिकाणी माहिती फलक असतो त्याचा फोटो काम चालू असतानाच काढून ठेवा, नंतर तो गायब होतो. त्यावर ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो, त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदारालाच स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि "निधी नाही" हे उत्तर तिथे चालत नाही. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला फोन करता येतो, राज्यमार्गासाठी उपविभागीय अभियंत्याकडे लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.