सीमास्तराची समीकरणं सोडवताना या चुका टाळा

सीमास्तर म्हणजे भिंतीलगतचा पातळ थर, जिथे श्यानतेमुळे प्रवाह मंदावतो. सपाट पट्टीवरच्या अशा थराचं ब्लाझियस समीकरण सोडवलं (त्यात फ′ म्हणजे मुख्य प्रवाहाच्या तुलनेत स्थानिक वेग), भिंतीवर फ″(०) = ०.४६९६ आलं आणि पुस्तकात मात्र ०.३३२१ दिलंय? कोड उसकटण्याआधी ईटाची, म्हणजे भिंतीपासूनच्या मितीरहित अंतराची, व्याख्या बघा. ईटा = य√(वेग/(श्यानता × अंतर)) घेतला (य भिंतीपासून, ‘अंतर’ पट्टीच्या पुढच्या कडेपासून, श्यानता घनतेनं भागलेली) तर समीकरण फ‴ + ½फफ″ = ० होतं. मुळाखाली छेदात २ घातला की ½ निघून जातो. उत्तरं दोन्ही बरोबर, ०.४६९६ ला √२ ने भागलं की ०.३३२१ मिळतं. घोटाळा होतो तो समीकरण एका रूपातलं आणि घर्षणाचं सूत्र दुसऱ्या रूपातलं वापरल्यावर. ०.४६९६ हे ½ च्या रूपातल्या सूत्रात घातलं, तर घर्षण ४१ टक्क्यांनी फुगतं. स्थानिक घर्षण सहगुणक ०.६६४/√रेनॉल्ड्स अंक यायलाच हवा (रेनॉल्ड्स अंक = वेग × अंतर/श्यानता).

दुसरी चूक जास्त फसवी, कारण उत्तर जवळपास बरोबर दिसतं. शूटिंग पद्धतीत (फ″(०) अंदाजानं धरायचा आणि दूरची अट जुळेपर्यंत सुधारत जायचा) ‘अनंत’ म्हणून ईटा = ५ घेतात आणि तिथे फ′ = १ लादतात. पण ५ ही सीमास्तराची जाडी आहे, तिथे खरा फ′ ०.९९१५ च असतो. उरलेली कसर फ″(०) भरून काढतो आणि ०.३३६ च्या आसपास जातो. निदान १० पर्यंत जा, मग १२ करून बघा. चौथा दशांश हलला नाही आणि टोकाला फ″ शून्याला टेकला, तरच उत्तर धरा.

खरं तर ब्लाझियससाठी अंदाज बांधत बसायची गरजच नाही. फ″(०) = १ धरून एकदाच गणित करा. दूरवर फ′ २.०८५४ वर स्थिरावतो. त्याचा −३/२ घात म्हणजे ०.३३२१. मात्र भिंतीतून शोषण असेल किंवा दाब बदलत असेल, तर ही युक्ती चालत नाही.

दाब बदलतो तेव्हा फॉकनर–स्कॅन समीकरण येतं (दाब कसा बदलतो ते बीटा सांगतो): फ‴ + फफ″ + बीटा(१ − फ′²) = ०. बीटा = १ ला फ″(०) १.२३२६ येतोय का, हे आधी तपासा. ऋण बाजूला, −०.१९८८ ते ० यांच्या दरम्यान, दोन उत्तरं असतात. एकात भिंतीजवळ प्रवाह उलटा वाहतो, फ″(०) ऋण असतो. अंदाज कुठून सुरू केला यावर कुठलं हाती लागेल ते ठरतं. म्हणून शून्यापासून निघा, प्रत्येक पायरीला मागचं उत्तर अंदाज म्हणून द्या आणि −०.१९ नंतर पायऱ्या बारीक करा. −०.१९८८ ला फ″(०) शून्य होतो, प्रवाह भिंतीपासून सुटतो. त्याखाली कोड अडखळला तर सॉल्व्हर बदलून उपयोग नाही.

स्तराच्या आतलं आणि बाहेरचं उत्तर हातानं जुळवणाऱ्यांसाठी एक नमुना, त्यात एप्सिलॉन ही अगदी छोटी धन संख्या. एप्सिलॉन·य″ + य′ + य = ०, य(०) = ०, य(१) = १. य′ चा सहगुणक धन, म्हणून स्तर डावीकडे. उजवीकडे धरलात तर आतलं उत्तर स्तराबाहेर घातांकी वेगानं वाढतं, जुळतच नाही. बाहेरचं उत्तर ई^(१−क्ष), आतलं ई(१ − ई^(−क्ष/एप्सिलॉन)). दोन्हींची बेरीज करून सामाईक ‘ई’ वजा करायला विसरलात, तर क्ष = ० ला शून्याऐवजी २.७१८ येतं.