बीकनचं नंतर बघू, आधी फावडं

बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टबाहेरच्या बर्फाळ डोंगरांत, स्कीइंगला नव्याने जाऊ लागलेला जवळपास प्रत्येक जण आधी एकच विचारतो, ‘बीकन कुठला घेऊ?’ बीकन म्हणजे हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधण्यासाठी प्रत्येकाने अंगावर बाळगायचं रेडिओ यंत्र. तीन अँटेनांचा कुठलाही चांगला डिजिटल बीकन घ्या. सगळे ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना सापडतात. फावडं कसं चालवायचं, हे मात्र कुणीच विचारत नाही. एका अपघातात मदतीला धावल्यापासून मी नवख्यांशी आधी फावड्याबद्दलच बोलतो.

आमच्या पुढे एक तुकडी होती. त्यांच्यातल्या एकाच्या पायाखालचा थर फुटला आणि तो खाली वाहत गेला. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे सोबती शोधायला लागलेच होते. बीकनवरचा बाण दाखवेल तिकडे जायचं, अंतराचा आकडा उतरत जातो, शेवटी बीकन बर्फालगत धरून उभा-आडवा सरकवायचा. हे सगळं सरावात होतं तसंच पटकन झालं. मग प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी. खाली जमीन असेल तर प्रोब ठक्क करून अडतो. माणूस असेल तर तो किंचित दबतो आणि हाताला परत ढकलतो. असा लागलेला प्रोब उपसायचा नाही, खुणेसाठी तिथेच रोवून ठेवायचा.

खरा वेळ गेला तो पुढे, खणण्यात. स्खलनाचा बर्फ वाहतो तोवर मोकळा असतो, थांबला की सिमेंटसारखा आवळून बसतो. एकाचं प्लॅस्टिकचं फावडं पहिल्या काही घावांतच मुडपलं. दुसरा घाईघाईत प्रोबजवळच उभा राहून सरळ खाली खणू लागला, त्याला ओढून बाजूला घ्यावं लागलं. वर उभं राहिलं की खालच्या माणसाच्या तोंडापुढे उरलेली हवेची पोकळी दाबली जाते. प्रोबपासून उताराच्या खालच्या अंगाला जाऊन प्रोबच्या दिशेने आडवं शिरायचं. एकाने पुढे फोडायचं, मागच्यांनी तो बर्फ उचलत न बसता मागे सारत राहायचं, आणि पुढचा दमायच्या आत जागा बदलायच्या. सर्वांत आधी मोकळं करायचं ते तोंड आणि नाक. त्याचा श्वास चालू होता. हातपाय मोकळे करायला नंतर बराच वेळ गेला, पण तेव्हा घाई उरली नव्हती.

घाई कशाची, ते आकड्यांत बघा. पूर्ण गाडल्या गेलेल्यांच्या स्विस नोंदींवरून १९९४ मध्ये मांडलेल्या आलेखात १५ मिनिटांच्या आत बाहेर आलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त वाचलेले दिसतात. ३५ मिनिटांनंतर जेमतेम ३० टक्के. अलीकडच्या विश्लेषणात ती सुरुवातीची मुदत १० मिनिटांवर आली आहे. बाहेरची बचाव तुकडी एवढ्यात पोचत नाही. शिवाय झाडा-खडकांवर आपटून गेलेल्याला फावडंही वाचवत नाही. कॅनडातल्या एका अभ्यासात साधारण चौथा हिस्सा मृत्यू अशा माराने झालेले होते.

म्हणून खरं काम उतारावर पाय ठेवण्याआधीचं. स्लॅब, म्हणजे एकसंध सुटणारा बर्फाचा थर, बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतो, म्हणजे स्कीला नेमके जे उतार आवडतात तिथेच. डोळ्यांचा अंदाज फसतो, उतारमापक वापरा. तुम्ही सपाटीवर चालत असाल आणि वर तीव्र उतार असेल, तरीही तुम्ही त्याच्या तावडीत आहात. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला, स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या, शेजारचा उतार नुकताच सुटलेला दिसला, की चर्चा संपली, मागे फिरायचं. हिमस्खलनाच्या इशाऱ्यांतल्या धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी पायरी लोकांना मधली, म्हणून बरी वाटते. माझ्या मते सगळ्यांत फसवी तीच.

हिमस्खलनाचे अभ्यासक इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतले शेकडो अपघात तपासून दाखवलं की ओळखीचा उतार, आधीच उमटलेले माग आणि ‘तो जाणकार आहे, त्याला कळत असेल’ हा भरवसा माणसाला धोक्याच्या खुणांकडे दुर्लक्ष करायला लावतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टनेल क्रीकला हिमस्खलनात तिघांचा जीव गेला; त्या मोठ्या गटात कसलेल्या लोकांची कमतरता नव्हती. गट वाढला की प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी विचार केलाच असेल. निघण्याआधीच ठरवा: एकाने नको म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही. नवख्याचा नकारही तेवढाच वजनदार. आणि उतार एकेकाने पार करायचा, बाकीच्यांनी आडोशाच्या जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

मोबाइल बीकनपासून लांब ठेवा, शोधताना तर किमान ५० सेंटिमीटर. एअरबॅग, म्हणजे स्खलनात फुगून माणसाला वर ठेवायला मदत करणारी पिशवी, परवडली तर घ्या, पण तिच्या भरवशावर उतार निवडू नका.

हंगामाआधी एखादी भरलेली सॅक, आत चालू बीकन ठेवून, मीटरभर खोल पुरा. वरचा बर्फ तुडवून घट्ट करा, मोकळ्या बर्फातला सराव फुकट जातो. पुरणारा वेगळा आणि शोधणारे वेगळे ठेवा, घड्याळ लावा, आणि बीकन, प्रोब, फावडं यांना किती वेळ लागला ते वेगवेगळं लिहून ठेवा.