कोल्हापुरात बसून जगभरचे स्वतंत्र लोकगायक आणि कंट्री-रॉकवाले कसे शोधावेत

यूट्यूबवर 'बेंजो' शोधा. आधी समोर येते ती मिरवणुकीतली बेंजो पार्टी. ट्रॉलीवर रचलेले स्पीकर, मधे घाम पुसत वाजवणारा गडी आणि खाली नाचणारी अख्खी गल्ली. माझी तक्रार नाही, त्या गर्दीत मीही असतो. पण त्या रात्री मला हवा होता अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरातला बँजो, पातळ चामडं मढवलेला, बोटांनी छेडायचा. आपला बेंजो टाइपरायटरसारख्या कळांचा. तो जपानमध्ये नागोयाला 1912 साली निघालेल्या तैशोगोतो नावाच्या वाद्याच्या वंशातला. तिकडचा बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपल्या मुलखातल्या वाद्यांच्या आठवणीवर घडवलेला. नाव एक, घराणी दोन.

त्या रात्री अर्धा तास फुकट गेला, पण एक कळलं. वाद्याच्या किंवा प्रकाराच्या नावानं शोधलं की भलतंच हाती लागतं. यात्रेत एखादा हलगीवाला आवडला तर आपण काय करतो? "पाव्हणं, गाव कंचं? कुणाच्या ताफ्यात वाजवता?" असं विचारतो, आणि त्या एकातून पुढचे चार कळतात. परदेशातले गवईही असेच सापडतात, माणसावरून माणूस. खाली सांगतो ती सगळी खटपट तेवढ्याचसाठी आहे.

आधी कानाला काय आवडलं ते लिहून काढा

एक साधी वही घ्या. आवडलेल्या तीन-चार गाण्यांसमोर लिहा की नेमकं काय आवडलं. "कंट्री-रॉक आवडतं" एवढ्यानं काही हाती लागत नाही. मला स्वतःला आवडायचा तो मागं रडल्यासारखा घसरत जाणारा सूर. चौकशी केल्यावर कळलं, ती पेडल स्टील गिटार. हवाई बेटांवरच्या स्टील गिटारची ती पुढची पिढी. आपल्याकडं जुन्या माणसांनी रेडिओवर हवाइयन गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी ऐकलेली असतात, त्याच घरातलं हे वाद्य. वडिलांना ऐकवलं तर म्हणाले, "हे तर आमच्या वेळचंच."

नावांचा घोळ एकदाच समजून घ्या. 1968 च्या आसपास ग्रॅम पार्सन्स आणि 'द बर्ड्स' या मंडळींनी अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराचं कंट्री, म्हणजे तिकडचं गावरान संगीत, आणि रॉकचा ठेका एका ताटात वाढला, ते कंट्री-रॉक. 1990 च्या सुमारास 'अंकल टुपेलो'सारख्या बँडपासून 'ऑल्ट-कंट्री' हा शब्द रुळायला लागला. आजचे छोटे कलाकार स्वतःला कंट्री-रॉक क्वचितच म्हणवतात. ते अमेरिकाना, रूट्स, ऑल्ट-कंट्री, कॉस्मिक कंट्री असली लेबलं लावतात. शोधताना इंग्रजीत हे शब्द टाका. बँजोसाठी 'ओल्ड टाइम' किंवा 'क्लॉहॅमर' जोडा, म्हणजे गणपतीची मिरवणूक आपोआप बाजूला होते.

इंग्रजीच्या बाहेरही शब्द आहेत. स्पॅनिशमध्ये स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्याला 'कान्ताउतोर' म्हणतात. ब्राझीलच्या खेड्यात दहा तारांची 'व्हिओला काइपिरा' वाजते. फिनलंडच्या गावाकडच्या वादकाला 'पेलिमान्नी' म्हणतात. भाषांतराच्या ॲपमधून खरं स्पेलिंग काढून घ्या आणि तेच टाका.

बँडकॅम्पचं एक पान नीट वाचा

2008 साली सुरू झालेलं बँडकॅम्प हे दुकान कलाकार स्वतः मांडतात. अल्बमचं पान उघडलं की बहुतेक जण लगेच प्लेचं बटण दाबतात आणि बाकी पान तसंच सोडतात. खरा माल त्या बाकीच्या पानात असतो.

कलाकाराच्या फोटोखाली गावाचं नाव असतं. त्यावरून त्याच गावचे बाकीचे कलाकार बघता येतात. खाली श्रेयनामावली असते. ढोल कुणी, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) कुणी, रेकॉर्डिंग कुणी आणि कुठं. तळाशी टॅग. आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची जागा म्हणजे 'हा अल्बम कुणी घेतला' ते दाखवणारे छोटे चौकोनी फोटो. त्यातल्या कुणावरही टिचकी मारली की त्या माणसाचं अख्खं कपाट उघडतं. ज्यानं स्वतःचे पैसे घालून हा अनोळखी अल्बम घेतला, त्यानं आणखी काय घेतलंय? अशी माणसं दोन-तीन सापडली की त्यांना फॉलो करा. माझ्या यादीत असा एक जण आहे. तो कुठला, करतो काय, मला पत्ता नाही. गेली काही वर्षं तो घेईल ते मी ऐकतो, आणि दहातले सहा तरी आवडतात.

बहुतेक अल्बम फुकट पूर्ण ऐकता येतात. फार वेळा ऐकलं की खिडकी येते, "आता घ्या की राव" अशा अर्थाची.

श्रेयनामावलीचा धागा पकडा

न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चजवळ लिटलटन नावाचं लहानसं बंदर आहे. तिथला ध्वनिमुद्रक बेन एडवर्ड्स. तिकडचाच गायक मार्लन विल्यम्स, त्याचा पहिला अल्बम आवडला म्हणून मी त्या अल्बमची नामावली वाचली आणि एडवर्ड्सचं नाव वहीत लिहिलं. त्या एका नावावरून ऑल्डस हार्डिंग सापडली, मग नाडिया रीड, मग समुद्रापलीकडून ऑस्ट्रेलियातून तिथं येऊन पहिला अल्बम करणारी ज्युलिया जॅकलिन. हे सगळे आज नावाजलेले आहेत, पण रीत तीच. गाणाऱ्यांत एकच चेहरा पुढं असतो. मागचा फिडलवाला किंवा रेकॉर्डिंग करणारा मात्र वीस जणांबरोबर काम करतो. पुढच्या नावापेक्षा मागची नावं जास्त दारं उघडतात. डिस्कॉग्स या साइटवर अशा मागच्या नावावर टिचकी मारली की त्या माणसानं कुठं कुठं काम केलंय ते सगळं येतं.

लेबलचंही तसंच. 'साहेल साउंड्स' हे अमेरिकेतल्या पोर्टलंडचं छोटं लेबल, ख्रिस्तोफर कर्कलीचं. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या देशांत माणसं मोबाइलच्या मेमरी कार्डावरून आणि ब्लूटूथवरून एकमेकांना गाणी देत होती. कर्कलीनं ती कार्डावरची गाणी गोळा केली, त्यांचे मूळ गायक शोधून काढले आणि संग्रह काढला. त्यातूनच नायजर देशातला तुआरेग जमातीचा गिटारवादक एमदू मोक्तार जगाला कळला. त्यानं आपली पहिली गिटार स्वतःच बनवली होती, तारा म्हणून सायकलच्या केबल लावून. आपल्याकडंही मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड भरून द्यायचे, आठवतंय? आमच्या त्या कार्डांत लावणी, पोवाडे, भक्तिगीतं आणि नाव नसलेल्या गायकांचं कायकाय होतं. कार्ड बिघडलं की गेलं. तिकडं कुणीतरी विचारत गेला, हा गातोय कोण?

जुन्या मुळांकडं जायचं असेल तर स्मिथसोनियन फोकवेज बघा. मोझेस ॲशनं 1948 साली सुरू केलेलं हे लेबल 1987 मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडं आलं, आणि यादीतला एकही अल्बम बंद करायचा नाही ही अट ते पाळतात.

रेडिओ, आणि घड्याळाचं गणित

रेडिओ गार्डन उघडलं की पृथ्वीचा गोळा दिसतो आणि त्यावर हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपक्यात रेडिओ स्टेशन. सुरुवातीला गोळा फिरवण्यातच दोन तास जातात. जाऊ द्या. नैरोबीवर थांबून बघा. केनियात कंट्रीचं वेड जुनं आहे. 'सर एल्व्हिस' नावाचा तिथला गायक भर शहरात काउबॉयची टोपी घालून गातो.

वेळेचं मात्र ध्यानात ठेवा. नॅशव्हिलचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेदहा तास आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागं असतं. म्हणजे तिकडची शनिवारची संध्याकाळ ही आपली रविवारची पहाट. शनिवारी संध्याकाळी सातला सुरू होणारा नॅशव्हिलचा 1925 पासूनचा रेडिओ कार्यक्रम 'ग्रँड ओल ऑप्री' आपल्याकडं साडेपाचला किंवा साडेसहाला लागतो. मी तो रंकाळ्यावर फिरताना ऐकतो. दोन फेऱ्या होतात, मग मिसळ. खरं तर ऑप्री हा बड्यांचा फड. छोट्यांसाठी टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचं 'डब्ल्यूडीव्हीएक्स' बघा. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं हे स्टेशन सुरुवातीला एका कॅम्पर ट्रेलरमधून चालायचं. तिथं भर दुपारी लोकांसमोर होणारे कार्यक्रम आपल्याला रात्री जेवण झाल्यावर मिळतात. सिॲटलचं 'केईएक्सपी' आणि जर्सी सिटीचं 'डब्ल्यूएफएमयू' ही स्टेशनं कुठल्या मिनिटाला कुठलं गाणं लागलं त्याची यादी साइटवर टाकतात. म्हणून वहीत फक्त वेळ लिहायची. गाण्याचं नाव घरी आल्यावर बघता येतं.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात. वायोमिंगचं 'वेस्टर्न एएफ' आणि 'जेम्स ऑन व्हीएचएस' (जेम्स म्हणजे रत्नं) असे दोन चॅनेल अनोळखी गवयांना उघड्यावर, अंगणात बसवून चित्रित करतात. अमेरिकेच्या एनपीआर रेडिओच्या 'टायनी डेस्क' या छोट्या मैफलींच्या कार्यक्रमाची दरवर्षी अनोळखी कलाकारांसाठी स्पर्धा असते. 2016 ची विजेती गेलिन ली फिडल मांडीपाशी उभी धरून वाजवते. या स्पर्धेत जिंकणाऱ्यांइतकेच हरणारेही ऐकण्यासारखे असतात, त्यांचेही व्हिडिओ यूट्यूबवर असतात.

आणि जग म्हटलं की विमानच पकडायला हवं असं नाही. मणिपूरचे तांगखुल नागा लोकगायक गुरू रूबेन मशांगवा यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. डेहराडूनचा बॉबी कॅश अस्सल नॅशव्हिल थाटाचं कंट्री गातो. अरुणाचलच्या झिरो फेस्टिव्हलमध्ये कोण गाणार याची यादी निघाली की ती खालच्या टोकापासून वाचा, बारीक अक्षरांतली नावं आधी.

हा खरंच स्वतंत्र आहे का, आणि खरंच माणूस आहे का?

स्पॉटिफायवर अल्बमच्या तळाशी वर्तुळात 'पी' अक्षर असलेली ओळ असते. तिथं युनिव्हर्सल, सोनी किंवा वॉर्नर दिसलं तर मागं मोठी कंपनी. कलाकाराचंच नाव किंवा 'अमुक आकडे रेकॉर्ड्स डीके' (डीके म्हणजे डिस्ट्रोकिड, गाणी चढवून देणारी सेवा) असं असेल तर त्यानं घरातूनच गाणं चढवलंय, हे बहुधा खरं.

दुसरा प्रश्न अलीकडं विचारावा लागतो. 2025 मध्ये 'द व्हेलव्हेट सनडाउन' नावाचा सत्तरच्या दशकासारखा वाजणारा बँड स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोते गोळा करून बसला, आणि नंतर कळलं की गाणी कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली. माझी परीक्षा सोपी आहे. त्याचं गाव आहे का? कुठल्या हॉटेलात, बारमध्ये, जत्रेत वाजवल्याचा व्हिडिओ आहे का? मागं वाजवणाऱ्यांची नावं आहेत का? तिन्ही नसतील तर पान पालटा.

पैसे देताना

2024 पासून स्पॉटिफायवर वर्षात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला दमडी मिळत नाही. आपण शोधतोय ती गाणी नेमकी यातलीच. म्हणून ॲपवर शोधा, आणि आवडलं की बँडकॅम्पवर घ्या. ते डिजिटल विक्रीवर 15 टक्के कापतात. मार्च 2020 पासून काही ठरलेल्या शुक्रवारी तेवढंही सोडतात. तो शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानं चालतो, म्हणजे आपल्या दुपारी साडेबारा किंवा दीडला सुरू होतो. रेकॉर्ड किंवा सीडी मागवायच्या फंदात सहसा पडू नका, टपालखर्च वस्तूच्या डोक्यावर बसतो.

कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमधून ते चालू करावे लागतात. चालू करताना मर्यादा घाला, दोन हजार रुपये पुष्कळ झाले. माझं ऐका, कारण पहिल्याच खरेदीत मी 'किंमत तुम्हीच ठरवा' या चौकटीत मोठ्या मनानं 200 टाकले. रुपये समजून. ते डॉलर होते. कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते म्हणून वाचलो, नाहीतर त्या महिन्यात घरी तांबडा-पांढरा सोडाच, नुसती आमटी मिळाली असती.

दोन ओळी लिहा

आवडलं तर कलाकाराला तसं कळवा. शंभर-दोनशे श्रोते असलेली माणसं स्वतः उत्तर देतात. गावाचं नाव घाला. कुठलं गाणं, त्यातली कुठली जागा आवडली ते लिहा. "नाइस साँग" लिहून उपयोग नाही. आणि शेवटी विचारा, तुम्ही सध्या कुणाला ऐकताय? माझ्या वहीतली निम्मी नावं या एका प्रश्नानं आलीत.

मागच्या चैत्रात नॉर्वेतल्या एका फिडलवाल्याला मी असंच लिहिलं, आणि सोबत जोतिबाच्या यात्रेत मोबाइलवर घेतलेली चाळीस सेकंदांची हलगी जोडली. दोन दिवसांत उत्तर आलं. ठेका त्याला फार आवडला होता. खाली एकच प्रश्न होता. वाजवणाऱ्याचं नाव काय, आणि गाव कुठलं?

मी विचारलंच नव्हतं. व्हिडिओत त्याच्या मागच्या सासनकाठीवर गावाचं नाव लिहिलंय, पण गुलालानं अर्धं झाकलेलं. पुढची तीन अक्षरं वाचता येतात. त्या अक्षरांची दोन गावं पन्हाळ्याच्या बाजूला आहेत, रविवारी आधी जवळच्या गावात जाऊन विचारणार आहे.